एम.ए.ला लागणारी आत्या

मानवशास्त्रात एम.ए. व्हायला काय काय लागतं, हे आमच्या विभागाच्या दारावर टाइप करून चिकटवलेलं होतं. दोन वर्षांचे पेपर, हाडं आणि डोकी मोजण्याचं प्रात्यक्षिक, नातेसंबंधांचा तक्ता, परक्या गावात राहून केलेलं क्षेत्रकार्य, त्यावरचा प्रबंध आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा. आत्या लागते असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. माझ्या बाबतीत मात्र ती नसती तर क्षेत्रकार्य झालंच नसतं, आणि तिच्यामुळेच त्या क्षेत्रकार्याचा पुरता बोजवारा उडायची वेळ आली होती.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आम्ही म्हैसूरचे. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर घोड्यावर बसून इकडे आले आणि परत जायचं विसरून गेले, असं घरात सांगत. घोडा केव्हाच गेला होता. वडिलांकडे, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, एक काळी सायकल होती आणि तिच्यावरून ते हेब्बाळच्या एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून जात. बसायची ऐट मात्र अजून घोड्यावरची होती.

घरात आम्ही मराठी बोलत असू, निदान आम्हाला ती मराठी वाटे. पुण्याहून बदली होऊन आलेले एक शेजारी आमचं बोलणं आधी कन्नड समजून सोडून देत आणि मग मान तिरकी करून कान देत. वाक्य मराठीत निघायचं आणि वाटेत कुठेतरी कन्नडमध्ये उतरायचं. या कन्नड शब्दांमध्ये सगळ्यात जास्त राबणारा शब्द म्हणजे 'सुम्ने'. त्याचे अर्थ दोन. एक, उगाच, काही कारण नसताना. दुसरा, गप्प. 'सुम्ने आलो' म्हणजे सहज आलो, आणि 'सुम्ने बस' म्हणजे तोंड बंद ठेव. आम्ही भावंडं भांडायला लागलो की आई म्हणायची, सुम्ने बसा. आणि भांडता कशाला असं विचारलं की आम्ही म्हणायचो, सुम्ने. एवढ्यावर आमचं बालपण निभावलं.

बी.ए. झाल्यावर मी बी.एड. करावं, शाळेत नोकरी धरावी आणि मग योग्य वेळी लग्न करावं, असा दादांचा बेत होता. मी मानवशास्त्र घेतलं. दादांनी ते काय असतं ते विचारलं. माणसांचा अभ्यास, असं मी सांगितलं. माणसं बघायला एम.ए. कशाला पाहिजे, घरात आहेत की, बघ त्यांना, असं म्हणून त्यांनी फी भरली.

मी त्यांचं म्हणणं अक्षरशः घेतलं. पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकासाठी घरातल्या सगळ्यांची डोकी मोजली. विभागातून आणलेला वाकड्या दांड्यांचा कॅलिपर आईच्या अंबाड्यात अडकला, आणि तो पाहून धाकटा भाऊ न्हाणीघरात जाऊन बसला. दादा मात्र ताठ बसले. आपलं डोकं शिपायाचं निघणार याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. मी मापं घेतली, भागाकार केला आणि सांगितलं, की दादांचं डोकं आणि वरुणा गावाहून रोज दूध घेऊन येणाऱ्या गवळ्याचं डोकं यांत मानवशास्त्राला काहीही फरक सापडत नाही. त्या गवळ्याचं डोकं मी दारातच मोजून घेतलं होतं. दादांनी कॅलिपर हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, यंत्र बिघडलेलं असणार. पुढे कितीतरी दिवस दूधवाला आला की ते त्याच्या डोक्याकडे चोरून बघत.

खरं बिनसलं ते क्षेत्रकार्यावरून. तरण्या मुलीने परक्या गावात, परक्या घरात महिनाभर राहायचं, आणि कशासाठी तर तिथले लोक कसे राहतात ते बघायला. हे काही केल्या त्यांच्या डोक्यात मावेना, मग त्याची रुंदी काहीही असो. गेलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. मी जाणार म्हटलं. दिलेला शब्द पाळायची आमच्या घराण्याला भारी हौस, त्यामुळे मी जायच्या किती तरी आधीपासून, बहुधा सराव म्हणून, त्यांनी बोलणं बंद केलं.

पण बापाला मुलीशी काहीच न बोलून कसं चालेल? मग दादा वस्तूंशी बोलू लागले. ताटाला सांगत की भात अजून उरलाय, कुणाला हवा असेल तर घ्यावा. दिव्याला विचारत की किती वाचायचं ते, डोळे काही नवे मिळत नाहीत. सगळ्यात जास्त बोलणं सायकलीशी. सकाळी तिला फडक्याने पुसता पुसता म्हणायचे, आभाळ आलंय आणि काही लोकांना छत्री न्यायचं सुचत नाही. मी मुकाट्याने खुंटीवरची छत्री घ्यायची. हे सगळं विनोदी होतं हे आता कळतं. तेव्हा मला रोज रडू यायचं, आणि ते दाखवायचं नाही असा माझाही बाणा होता.

परवानगीचं गाडं अडलेलं असताना आत्या मध्ये पडली. आत्या दादांची मोठी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहायची. मुली लग्न होऊन गेलेल्या, यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले आणि स्वतःच्या हातचं सांबार खाण्यात रमलेले. ती आमच्याकडे आली, पानाचा डबा उघडला आणि म्हणाली, "मी जाते की तिच्याबरोबर. तिथे काय रान आहे? मनुष्यच आहेत न्हवे?"

"तू कशाला?" दादांनी विचारलं.

"सुम्ने," आत्या म्हणाली.

मोठ्या बहिणीच्या सुम्नेवर आमच्याकडे अपील नसे. दादांनी सायकलीला सांगितलं की जायचंच असेल तर घोंगडी घेऊन जावं, तिकडे पहाटे गारठा असतो.

गाव येलवालच्या पुढे, हुणसूर रस्ता सोडून आत होतं. नाचणीची शेतं, थोडा तंबाखू, मधोमध एक पिंपळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कौलारू घरं. एका घरमालकिणीने आम्हाला तिच्या घरातली पुढची खोली दिली. प्रत्येक घरापुढे बसायला ओटा होता, आणि गावाचं सगळं आयुष्य त्या ओट्यांवर चाले. मी वही घेऊन एकेका ओट्यावर जाऊन बसे, आत्या माझ्या शेजारी पानाचा डबा घेऊन बसे. प्रश्न मी विचारायची. उत्तरं लोक तिच्याकडे बघून द्यायचे. मग ते आत्यालाच विचारायचे, तुमच्याकडे नारळ कसा आहे, यजमान काय करतात, ही मुलगी सारखं लिहिते कशाला. पहिल्या आठवड्यात गावाविषयी माझ्या वहीत जेवढं आलं त्याच्या दुप्पट माहिती आमच्याविषयी गावाकडे गेली होती.

तरी एक गोष्ट मला फार लवकर सापडली. या गावात सासू-सुनांचं नातं इतकं गोड होतं की मला लिहिताना संकोच वाटावा. ज्या ज्या सुनेला मी विचारलं, सासू कशी आहे, ती आधी एकदा आत्याकडे बघायची आणि म्हणायची, देवासारखी. भांडण? छे. जाच? नाव नको. एकीने तर सांगितलं की माहेरी जायचं नावच निघत नाही, सासूशिवाय करमत नाही. मी हे सगळं आनंदाने उतरवून घेतलं आणि मध्ये एकदा शहरात जाऊन माझ्या मार्गदर्शक सरांना दाखवलं.

सरांना आम्ही विद्यार्थी आपसांत 'व्हायसर' म्हणत असू. काहीही लिहून नेलं की ते समासात लाल पेनाने लिहायचे, व्हाय? लोक अमक्या दिवशी नांगर धरत नाहीत. व्हाय? पहिलं मूल आजोळी जन्मतं. व्हाय? समाजात कोणतीही गोष्ट विनाकारण घडत नाही, कारण सापडलं नाही तर दोष शोधणाऱ्याचा, असा त्यांचा सिद्धान्त होता. माझ्या गोड सासवांवर त्यांनी एकाऐवजी तीन वेळा व्हाय लिहिलं.

दुसरी गोष्ट मला सापडली ती आमच्या खोलीच्या बरोबर समोर. तिथे दोन सख्ख्या भावांची घरं होती. परसातल्या फणसाच्या झाडावरून त्यांच्यात वाटणीच्या वेळी फाटलं होतं आणि कित्येक वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते. तरी रोज दिवस कलला की धाकटा भाऊ आपल्या घरातून निघायचा, थोरल्याच्या ओट्यावर येऊन एका टोकाला बसायचा. थोरला आतून येऊन दुसऱ्या टोकाला बसायचा. दोघं समोरच्या रस्त्याकडे बघत राहायचे. अंधार पडला की धाकटा उठून घरी जायचा. शब्द नाही, कॉफी नाही, पानसुपारी नाही. एकदा थोरला कुणाच्या तरी लग्नाला हुणसूरला गेला होता, तेव्हाही धाकटा येऊन बसला आणि वेळ झाल्यावर गेला. दुसऱ्या दिवशी थोरल्याने परत आल्यावर आपल्या कुत्र्याला विचारलं, काल कुणी आलं होतं का रे. हे मी स्वतः ऐकलं.

मी धाकट्याला गाठून विचारलं, तुम्ही बोलत नाही, मग रोज जाऊन बसता कशाला? तो म्हणाला, सुम्ने. थोरल्याला विचारलं, तो आला की तुम्ही बाहेर का येता? तो म्हणाला, सुम्ने. गावातल्या चार जाणत्यांना विचारलं. त्यांनी नीट विचार केला आणि चौघांनीही तेच सांगितलं.

दर रविवारी दादा यायचे. शहरापासून तिथवर सायकल मारत यायचे, घरमालकिणीच्या ओट्याला सायकल टेकवायचे आणि आत्याला सांगायचे, "हेब्बाळला काम होतं. इतकं आलो तर सुम्ने इकडे वळलो." कारखाना रविवारी बंद असतो हे आत्याला माहीत होतं, मला माहीत होतं आणि सायकलीलाही माहीत असणार. त्यांच्याबरोबर आईने दिलेला डबा असायचा. आत्या त्यांना कॉफी द्यायची. मी उंबऱ्याशी मान खाली घालून लिहीत बसायची. ते ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून सायकलीच्या चाकाशी बोलायचे, की डब्यातल्या कोडबळी मऊ पडायच्या आत संपवाव्यात, की रात्री दाराला आतून कडी असावी. तासभर बसून जायचे. वळणावर गेल्यावर घंटी एकदा वाजायची, तिथे कुणी आडवं आलेलं नसतानाही. ती घंटी ऐकू येईपर्यंत मी पुढचं अक्षर लिहीत नसे.

आमचा मुक्काम संपत आला तेव्हा एका दुपारी घरमालकीण आत्याजवळ येऊन बसली. बोलणं अर्थात कन्नडमध्येच चाललं होतं. तिने अगदी जिव्हाळ्याने विचारलं, मग लग्न कधी धरलंय?

"कुणाचं?" आत्या म्हणाली.

घरमालकिणीने माझ्याकडे बोट केलं. "हिचं. तुमच्या मुलाशी. मुलगा एकदाही आला नाही तो?"

आत्याला मुलगाच नव्हता. तिने तसं सांगितलं. घरमालकिणीने आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाली, पण ही तुम्हाला अत्ते म्हणते की.

मी दिवसभर तिला 'आत्या, आत्या' म्हणत असे, आणि गाव ते 'अत्ते' ऐकत होतं. कन्नडमध्ये अत्ते म्हणजे आत्या, आणि अत्ते म्हणजेच सासू. कारण मामाच्या नाहीतर आत्याच्या मुलाशी लग्न होणं ही तिकडची सगळ्यात सरळ गोष्ट. याच विषयावर पहिल्या वर्षी मी पेपरात लांबलचक उत्तर लिहिलं होतं आणि त्याला चांगले गुण मिळाले होते. गावाने पहिल्या दिवशीच ओळखलं होतं, की ही लग्न ठरलेली मुलगी आहे आणि होणारी सासू तिच्यावर नजर ठेवायला बरोबर आली आहे. आता गावातल्या सुनांना देवासारख्या सासवा का मिळाल्या होत्या ते माझ्या लक्षात आलं. सासूला शेजारी बसवून मी त्यांना सासूविषयी विचारत होते.

"आणि दर रविवारी येतात ते?" आत्याने धीर करून विचारलं.

"ते तर तुमचे यजमान," घरमालकीण म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत, नम्म मनेयवरु."

पहिल्या रविवारी कुणीतरी विचारल्यावर आत्याने खरंच तसं सांगितलं होतं. तिच्या मनात मराठीतलं 'आमच्या घरचे' होतं. कन्नडमध्ये बाई हे शब्द नवऱ्याविषयी वापरते. आत्याला ते ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही, कारण स्वतःच्या खऱ्या नवऱ्याला ती जन्मभर हेच म्हणत आली होती. "शिव शिव," ती म्हणाली, "माझ्या पाठचा भाऊ तो. मी त्याला कडेवर घेऊन हिंडवलंय." आणि पान तोंडात तसंच ठेवून ती इतकी हसली की तिला ठसका लागला आणि घरमालकिणीला पाणी आणावं लागलं.

पाणी देऊन झाल्यावर घरमालकिणीने बाकीचंही सांगितलं. गावातल्या बायका माझं फार कौतुक करत होत्या. होणारा सासरा आला की ही मुलगी वर मान करत नाही, तोंडून शब्द काढत नाही. तोही किती मर्यादेचा, सुनेशी थेट न बोलता सायकलीकडे बघून बोलतो. शहरातल्या लोकांतही अजून अशी रीत उरली आहे, असं त्या एकमेकींना सांगत होत्या.

मग ती थांबली. तिच्या डोक्यात जुळवलेलं सगळं आता पुन्हा जुळवायला लागत होतं. तिने मला विचारलं, "म्हणजे ते तुझे वडील?"

"हो."

"मग बोलत का नाहीत?"

"रागावलेत," मी म्हटलं.

"रागावलेत तर येतात कशाला इतक्या लांब?"

आत्याने पानाचा डबा बंद केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुम्ने."

घरमालकिणीने मान हलवली. तिला कळलं होतं. तिने पुढे एकही प्रश्न विचारला नाही आणि उठून चुलीकडे गेली. मी मात्र तिथेच बसून राहिले. समोरच्या ओट्यावर अजून कुणी आलेलं नव्हतं, पण ऊन उतरायला लागलं होतं आणि आता धाकटा निघेल हे मला माहीत होतं. त्या दिवशी मी त्या दोघा भावांना बघितलं नाही. लाज वाटली म्हणा, किंवा डोळे भरून आल्यामुळे काही दिसत नव्हतं म्हणा.

बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी आत्या सासू नाही हे कळल्यावर सगळ्या सुना एकेक करून माझ्याकडे आल्या आणि देवासारख्या सासवांविषयी जे काही बोलल्या ते लिहिताना माझा हात दुखायला लागला. जिला सासूशिवाय करमत नव्हतं ती सगळ्यात जास्त वेळ बसली. उरलेले सगळे दिवस त्यातच गेले. सासू-सुनांचं प्रकरण मी सगळं फाडून नव्याने लिहिलं आणि व्हायसर पहिल्यांदाच समासात काही न लिहिता पुढे गेले.

दोन भावांच्या पानावर मात्र ते अडले. तिथे मी लिहिलं होतं की हे दोघे रोज एकत्र बसतात, कारण विचारल्यावर दोघेही सुम्ने म्हणतात, आणि माझ्याकडे याहून अधिक काही नाही. सर म्हणाले, हे चालणार नाही. त्यांनी मला कारणंही सुचवली. वडिलोपार्जित ओट्यावरचा हक्क शाबूत ठेवणं. गावासमोर घराण्याची एकी दाखवणं. सगळी कशी चपखल बसत होती. मला काही सुचलं असतं तर मीही लिहिलं असतं, पण पेन टेकवलं की मला ते मर्यादाशील सासरे आणि त्यांची सायकल आठवायची. गावाने दादांच्या गप्प बसण्याचं जे कारण लावलं होतं ते सरांच्या कारणांपेक्षाही जास्त चपखल होतं. त्यात काहीच अडत नव्हतं, फक्त ते खरं नव्हतं.

मी कारण घातलं नाही. सरांनी शेवटी सही केली, पण बजावलं की बाहेरचे परीक्षक फार कडक आहेत, या एका पानावर ते प्रबंध परत पाठवू शकतात. तसं झालं तर वर्ष वाया जाणार होतं. वर्षाचं मी सोसलं असतं. पण मग दादांचंच बरोबर ठरलं असतं, आणि इतके महिने आम्ही दोघांनी न बोलून काढले ते कशासाठी, याला काही उत्तर राहिलं नसतं. घरात अजूनही ते ताटाशी आणि दिव्याशीच बोलत होते.

तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी दादांनी सायकल नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसली. मी चप्पल घालत होते. ते सायकलीला म्हणाले, की घाई केली की माणूस चुकतो, सावकाश गेलेलं बरं. मी देवाला आणि आईला नमस्कार केला. सायकलीपाशी क्षणभर थांबले, पण पाया कुणाच्या पडायचं ते ठरेना, म्हणून तशीच निघाले.

परीक्षक पुण्याहून आले होते. वयस्कर, जाड भिंगांचा चष्मा. कॅलिपर, कवट्या, नातेसंबंधांचे तक्ते यांवर त्यांनी इंग्रजीत प्रश्न विचारले आणि मी पाठ केलेली उत्तरं दिली. मग त्यांनी ते पान उघडलं. त्या पानात त्यांनी कागदाची खूण घालून ठेवली होती. व्हायसरांनी खुर्चीत बसल्या बसल्या आपलं पेन उघडलं आणि बंद केलं.

तुम्ही कारण का दिलं नाही, असं परीक्षकांनी विचारलं. मी इंग्रजीत सुरुवात केली आणि तिसऱ्याच वाक्याला अडखळले. ते म्हणाले, तुमचं आडनाव मराठी दिसतंय, मराठीत सांगा. मी सांगायला लागले. आमच्याच मराठीत, दर वाक्याला कन्नडमध्ये उतरत. ते मान तिरकी करून ऐकत राहिले. मी त्यांना आत्याचं सांगितलं, अत्तेचं सांगितलं, देवासारख्या सासवांचं आणि दर रविवारच्या सासऱ्यांचं सांगितलं. म्हटलं, गावाने आमच्या घराचं जे कारण लावलं ते ऐकून मला हसू आलं होतं. मी त्या भावांचं लावलेलं कारण त्यांनी ऐकलं तर त्यांनाही येईल. त्यापेक्षा मला कळलं नाही असं लिहिलेलं बरं वाटलं.

परीक्षकांनी पानातली कागदाची खूण काढून घेतली. मग म्हणाले, "आणि तुमचे वडील? आता बोलतात?"

"नाही," मी म्हटलं.

एवढ्यात विभागाचा शिपाई कॉफीचे पेले घेऊन आत आला. पेले ठेवून झाल्यावर तो दाराशी घुटमळला आणि सरांना कन्नडमध्ये म्हणाला, की बाहेर बाकावर एक गृहस्थ मघापासून बसलेत. कुणाला भेटायचंय विचारलं तर सांगत नाहीत. काय काम आहे म्हटलं तर सुम्ने म्हणतात. त्यांना बसू देऊ का?

सरांनी माझ्याकडे पाहिलं. परीक्षकांना कन्नड येत नव्हतं, पण त्यातला एक शब्द त्यांना आता चांगलाच येत होता. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मग प्रबंध मिटून म्हणाले, "या शब्दाला एक तळटीप द्या. दोन्ही अर्थ लिहा. बाकी ठीक आहे. जा तुम्ही."

बाहेर बाकाच्या एका टोकाला दादा बसले होते. कारखान्याचा खाकी शर्ट, पँटला सायकलची क्लिप अजून लावलेली. कामाचा दिवस होता, म्हणजे रजा टाकली होती. सायकल खाली स्टँडला होती, आणि त्या लांबलचक रिकाम्या कॉरिडॉरमध्ये त्यांना बोलायला एकही वस्तू नव्हती. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. समोर भिंत होती, तिच्याकडे आम्ही दोघं बघत राहिलो. मग माझा बाणा संपला आणि मला हुंदका आला.

दादा वळले. भिंतीशी नाही, माझ्याशी बोलले. "का ग रडतीस? नापास झालीस?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मग का रडतीस?"

"सुम्ने," मी म्हटलं.

"मग सुम्ने बस," दादा म्हणाले, आणि सरकून माझ्या जवळ बसले.